मूत्रमार्ग अरुंद झालाय आणि मूत्राशयात खडाही आहे: दोन्ही एकाच वेळी दुर्बिणीतून करून घ्यावं का?

खडू-फळा

नमस्कार मंडळी. वय ४६, शाळेत विज्ञान शिकवतो. हा विषय मित्रांत काढवत नाही आणि घरी काढला की सगळे घाबरतात, म्हणून इथे लिहितोय.

बऱ्याच वर्षांपूर्वी अपघातात मांडीचं हाड मोडलं होतं. त्या ऑपरेशनच्या वेळी कॅथेटर घातला होता आणि तो बरेच दिवस ठेवावा लागला. तेव्हा काहीच त्रास झाला नाही. अलीकडे मात्र लघवीची धार बारीक होत गेली, आणि तीही इतकी हळूहळू की आधी ती कशी होती हेच आठवेनासं झालं. आता सुरुवातीला जोर करावा लागतो, धार दोन बाजूंना फाटते आणि कपडे नीट करून बाहेर आलो की पुन्हा थेंब येतात. दोन तासिकांच्या मधल्या पाच मिनिटांत लघवी उरकत नाही, म्हणून शाळेत पाणी पिणंच सोडलं.

गेल्या काही महिन्यांत आणखी एक प्रकार सुरू झाला. धार चालू असताना मध्येच एकदम बंद होते, टोकाशी जीवघेणी कळ येते आणि जरा पुढे वाकलो किंवा कुशीला झुकलो की परत सुरू होते. एकदा खडबडीत रस्त्यावरून लांबचा प्रवास झाला, त्या रात्री लघवी लालसर आली. त्यानंतर तपासण्या केल्या.

आधी प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिनची गोळी दिली होती, तिने काही फरक पडला नाही. सोनोग्राफीत मूत्राशयात १४ मिमीचा खडा, मूत्राशयाची भिंत जाड, आणि लघवी झाल्यावरही आत १२० मिली शिल्लक. प्रोस्टेटचा आकार नॉर्मल. युरोफ्लोवर (लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी) सर्वाधिक वेग सेकंदाला ६ मिली. आरजीयूमध्ये (मूत्रमार्गात औषध सोडून काढलेला एक्स-रे) बल्बर भागात, म्हणजे अंडकोषांच्या मागच्या मूत्रमार्गात, १.२ सेंमी लांबीचं स्ट्रिक्चर (अरुंद झालेली जागा). लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हे जंतू आले आहेत.

एका डॉक्टरांचं म्हणणं असं की एकाच भुलीत दुर्बिणीतून अरुंद जागेला काप देऊ आणि त्याच वाटेने आत जाऊन लेझरने खडा फोडू. दुसरे म्हणतात, दुर्बिणीचा काप टिकेलच असं नाही. खडा पोटाखालच्या छोट्या छिद्रातून काढू आणि मूत्रमार्गाची युरेथ्रोप्लास्टी, म्हणजे अरुंद भाग उघडून दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया, करून टाकू. दोघांनीही वेळ देऊन समजावलं, दोघांवरही विश्वास बसला आणि तिथेच माझी पंचाईत झाली आहे. ज्यांनी यातलं काही करून घेतलं आहे किंवा जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा. लेझरने काप दिला तर जास्त टिकतो का, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

पाणपोई

दादा, ऑपरेशनची घाई करू नका. माझा ५ मिमीचा मुतखडा नुसत्या पाण्याने पडला. सकाळी उपाशीपोटी तासाभरात दोन लिटर पाणी प्यायचं आणि दोरीच्या उड्या मारायच्या. खडा विरघळवायची औषधंही मिळतात. आधी हे करून बघा, मग कापाकापीचं बोला.

रात्रपाळी

पाणपोई, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत, पण हा सल्ला खडू-फळा यांनी घेऊ नये, म्हणून तेवढं आधी सांगते. तुमचा खडा मूत्रपिंडातून निघून उतरत होता आणि पुढची वाट मोकळी होती. यांची वाटच अरुंद आहे. अशा माणसाने तासाभरात दोन लिटर पाणी प्यायलं तर मूत्राशय झपाट्याने भरतो, ताणलेल्या स्नायूला तेवढी लघवी बाहेर ढकलता येत नाही आणि ती पूर्ण अडकू शकते. १४ मिमीचा खडा या वाटेने पडणार नाही. पण त्याचा एखादा तुकडा सुटून स्ट्रिक्चरच्या मागे येऊन बसू शकतो, आणि मग अर्ध्या रात्री तातडीच्या विभागात धावावं लागतं. विरघळण्याचं म्हणाल तर लघवीची आम्लता कमी करून यूरिक ॲसिडचे खडे विरघळवता येतात. कॅल्शियमचे खडे त्या उपायाने जात नाहीत. स्ट्रिक्चर म्हणजे जखम भरून आलेला कडक व्रण. तो कुठल्याच औषधाने विरघळत नाही.

आता खडू-फळा, तुमच्याकडे वळते. मी मूत्ररोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमचा निर्णय मी देणार नाही. पण ही दोन्ही कामं टेबलाशेजारी उभी राहून वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि पेशंटला आधी कुणी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं ज्या गोष्टींबद्दल वाटतं, त्या लिहिते.

तुमच्या बाबतीत मूळ दुखणं स्ट्रिक्चर आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात खडा सापडला की पहिला प्रश्न हाच असतो की लघवी पूर्ण बाहेर का पडत नाही. तुमची १२० मिली मागे उरते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, क्षार बसतात आणि खडा मोठा होत जातो. धार अचानक थांबून कूस बदलल्यावर सुरू होते, कारण खडा मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसतो आणि तुम्ही हललात की बाजूला सरकतो. त्यामुळे फक्त खडा काढला आणि वाट तशीच ठेवली तर काही काळाने तुम्ही दुसरा खडा घेऊन परत याल. मूत्रपिंडातला खडा बाहेरून लहरी देऊन फोडतात, तिथेही हीच अडचण येते: तुकडे शेवटी मूत्रमार्गातूनच पडायचे असतात आणि वाट अरुंद असेल तर तिथे अडकतात. म्हणून त्या उपचाराआधीसुद्धा धार कशी आहे हे विचारलं जातं.

प्रोस्टेटची गोळी का लागू पडली नाही, तेही यातच आलं. ती प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते, व्रणावर तिचा काही परिणाम नाही. युरोफ्लोचा कागद जवळ असेल तर बघा. तब्येतीने ठीक माणसाचा आलेख घंटेसारखा वर चढून उतरतो आणि वेग साधारण १५ मिलीच्या वर जातो. स्ट्रिक्चरमध्ये आलेख थोडा चढतो आणि मग बराच वेळ सपाट चालत राहतो. तुमचा तसाच असणार.

दुर्बिणीतून काय करतात ते सांगते. बहुतेक वेळा कमरेखाली भूल देतात. सलाइनचं पाणी सोडत दुर्बीण हळूहळू आत नेली की पडद्यावर गुलाबी अस्तर दिसत असतं आणि एका जागी पांढरट कडा व मध्ये बारीकसं छिद्र येतं. त्या छिद्रातून आधी मऊ टोकाची वायर मूत्राशयापर्यंत जाते. ही वायर फार महत्त्वाची, कारण तिच्या आधारानेच खरी वाट कळते. मग बारीक पातं किंवा लेझरचा तंतू वापरून व्रणाला काप देतात, बहुतेक वेळा घड्याळातल्या बाराच्या जागी. पांढरा व्रण उघडून दुर्बीण सहज पुढे गेली की खडा समोर दिसतो. होल्मियम लेझरने त्याची भुकटी आणि लहान तुकडे करतात आणि पाण्याच्या झोताने धुऊन काढतात. १४ मिमीचा खडा या पद्धतीच्या आवाक्यात आहे. शेवटी कॅथेटर. नुसत्या कापासाठी तो ७२ तासांच्या आत काढला तरी चालतं असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. तुमचे डॉक्टर रक्तस्राव वगैरे पाहून ठरवतील.

खडा मोठा असेल, बरेच असतील किंवा मूत्रमार्ग फार नाजूक असेल तर पोटाखालच्या छिद्रातून खडा काढणं मला जास्त पटतं. अरुंद मूत्रमार्गातून जाड उपकरण पुन्हा पुन्हा आतबाहेर केलं तर अस्तर सोलवटतं, आणि सोलवटलेल्या अस्तरातूनच पुढचं स्ट्रिक्चर तयार होतं. त्यामुळे तुमचे दुसरे डॉक्टर पोटाखालच्या वाटेबद्दल बोलले, ते विनाकारण बोललेले नाहीत.

लेझर की पातं, हा प्रश्न प्रत्येक पेशंट विचारतो. दोन्हींच्या निकालांत ठाम फरक दिसलेला नाही. हातात काय आहे यापेक्षा तीन गोष्टी जास्त मोजाव्यात: स्ट्रिक्चर कुठे आहे, किती लांब आहे आणि याआधी त्याला कधी काप दिला आहे का. बल्बर भागातलं, २ सेंमीपेक्षा आखूड आणि पहिल्यांदाच उपचार होत असलेलं स्ट्रिक्चर असेल तर काप किंवा डायलेशनने (अरुंद जागा ताणून रुंद करणं) सुरुवात करायला मार्गदर्शक सूचना मोकळीक देतात, आणि तिथे यश साधारण ३५ ते ७० टक्के सांगतात. युरेथ्रोप्लास्टीचं यश ८० ते ९५ टक्क्यांच्या घरात आहे, पण ती मोठी शस्त्रक्रिया. लिंगाच्या लांबीतल्या स्ट्रिक्चरला दुर्बिणीचा काप सहसा टिकत नाही. आणि एकदा काप देऊन पुन्हा अरुंद झालं तर तोच काप परत परत देत राहण्यापेक्षा युरेथ्रोप्लास्टीचा सल्ला देतात. याबद्दल मला मनापासून कळकळ आहे. दर काही महिन्यांनी त्याच टेबलावर येणारी माणसं मी पाहिली आहेत. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरे जातात आणि व्रण आणखी लांब व कडक होत जातो.

म्हणून माझ्या समजुतीने तुमचे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. तुमचं स्ट्रिक्चर पहिल्या प्रयत्नासाठी दुर्बिणीच्या चौकटीत बसतं. मात्र पहिल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की परत अरुंद झालं तर पुढचा बेत काय. आणि आरजीयू तिरपं झोपवून काढलं होतं का, तेही विचारा. सरळ झोपवून काढलेल्या फोटोत बल्बर भाग आखडून दिसतो आणि स्ट्रिक्चर खऱ्यापेक्षा आखूड वाटतं.

शेवटचं, आणि यात तडजोड नको: ई. कोलायवर कल्चरप्रमाणे औषध झाल्याशिवाय दुर्बीण आत जाऊ देऊ नका. लघवीत जंतू असताना पाण्याच्या दाबाखाली काम केलं तर ते रक्तात जाऊ शकतात. मधल्या काळात थंडी वाजून ताप आला किंवा लघवी पूर्ण थांबली तर लगेच रुग्णालय गाठा, आणि तिथे पोचताच पहिलं वाक्य सांगा, "मला स्ट्रिक्चर आहे." म्हणजे कुणी जोर लावून कॅथेटर घालायला जाणार नाही. जोर लावला की नळी मूत्रमार्गाच्या भिंतीत घुसून खोटी वाट तयार होऊ शकते. अशा वेळी पोटाखालून मूत्राशयात नळी टाकणं जास्त सुरक्षित असतं.

सावकाश-चालू

रात्रपाळी ताईंनी सगळं इतकं नीट लिहिलंय की मी फक्त माझ्या बाजूचं सांगतो. माझं स्ट्रिक्चर लिंगाच्या भागात होतं, त्यामुळे खडू-फळा सरांनी माझ्याशी स्वतःची तुलना करू नये. मला दुर्बिणीतून काप देऊन झाले, पुढे स्वतः कॅथेटर घालून वाट मोकळी ठेवायलाही शिकलो. ते जमतं, पण त्यावर आयुष्य काढायचं मनाला पटेना. शेवटी गालाच्या आतलं अस्तर लावून युरेथ्रोप्लास्टी झाली.

त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे पोटाखालून नळी टाकून मूत्रमार्गाला पूर्ण विश्रांती दिली. त्याशिवाय व्रण खरा किती लांब आहे ते कळत नाही, असं सर्जननी समजावलं होतं. ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस खालच्या टाक्यांपेक्षा तोंडच जास्त दुखलं. तोंड उघडताना ताण यायचा, जेवण मऊ आणि कोमट. कॅथेटर काही आठवडे होता, आणि काढण्याआधी औषध सोडून फोटो काढला, कुठून गळत नाही ना हे बघायला.

आज धार सरळ आणि जोरात आहे. राहिलं काय, तर शेवटचे थेंब. ते मागे अडकतात, म्हणून अंडकोषांच्या मागे बोटांनी दाबून पुढे सरकवावे लागतात. वीर्य पूर्वीसारखं जोराने येत नाही. ताठरतेची काळजी मला सगळ्यात जास्त होती. सुरुवातीला कमी वाटली, पुढे हळूहळू परत आली. हे सगळं मी ऑपरेशनआधी बायकोला बरोबर बसवून डॉक्टरांना विचारलं होतं. सर, तुम्हीही तसंच करा. एकट्याने ऐकलं की अर्धं डोक्यातून निघून जातं.

एक विचारायचं होतं, ताई. औषध लावलेला फुगा म्हणून जे आलंय, ते यांना चालेल का?

रात्रपाळी

चांगला प्रश्न. फुग्याने व्रण ताणून मोकळा करतात आणि फुग्यावरचं पॅक्लिटॅक्सेल त्या जागी उतरतं, म्हणजे नवा व्रण जमायला अडथळा होतो. ऑप्टिल्यूम नावाच्या फुग्याला अमेरिकेत २०२१च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्याआधीच्या चाचणीत सहा महिन्यांनी सुमारे ७५ टक्के पुरुषांचा मूत्रमार्ग मोकळा राहिला, आणि नेहमीच्या काप किंवा डायलेशनच्या गटात सुमारे २७ टक्के. पण त्या चाचणीत ज्यांना आधी किमान दोनदा दुर्बिणीचे उपचार होऊन स्ट्रिक्चर परत आलं होतं, असेच पुरुष घेतले होते, आणि स्ट्रिक्चर ३ सेंमीपर्यंतचं. खडू-फळा यांचा पहिलाच उपचार आहे, त्यामुळे ते आकडे त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पुढे कधी परत अरुंद झालं आणि मोठी शस्त्रक्रिया नको असेल, तर विचारण्यासारखा पर्याय आहे. हे औषध वीर्यात उतरतं, म्हणून संबंधाच्या वेळी ३० दिवस निरोध वापरायला सांगतात आणि मूल होऊ शकेल असं जोडपं असेल तर सहा महिने गर्भनिरोध.

आणखी एक राहिलं होतं. लिंगाच्या टोकाला किंवा त्वचेवर पांढुरके डाग, त्वचा कडक होणं, मागे न सरकणं असं काही असेल तर डॉक्टरांना दाखवा. लायकेन स्क्लेरोसस नावाच्या त्वचारोगातही मूत्रमार्ग अरुंद होतो आणि तिथे उपचाराचा सगळा विचारच बदलतो.

खडू-फळा

ताई, सावकाश-चालू, तुम्ही दोघांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. डाग वगैरे काही नाहीत. काल बायकोला सगळं वाचून दाखवलं. पहिल्यांदाच या विषयावर आम्ही मोकळेपणाने बोललो.

आज पहिल्या डॉक्टरांना भेटून आलो. आरजीयू तिरपं झोपवूनच काढलं होतं. प्रतिजैविकाचा कोर्स सुरू केला आहे, तो संपला की कल्चर पुन्हा करून मगच तारीख. पुढच्या बेताचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, काप एकदाच. परत अरुंद झालं तर ते मला युरेथ्रोप्लास्टी करणाऱ्यांकडे पाठवतील. हे त्यांनी स्वतःहून केस-पेपरवर लिहिलंही. आत गेल्यावर व्रण दिसतो त्यापेक्षा लांब निघाला तर तिथेच थांबून पोटाखालून खडा काढतील, त्याचीही संमती आधीच घेतली. म्हणून दुर्बिणीचं नक्की केलं आहे.

एकच विचारायचं राहिलं. सगळं नीट झालं तर नंतर लक्ष कशावर ठेवायचं? धार बारीक होत गेलेली मला आधीही कळली नव्हती. सायकल चालवतो, ती कधी सुरू करावी?

रात्रपाळी

हे नक्की करून टाकलंत ते चांगलं झालं. कॅथेटर काढल्यावर काही दिवसांनी युरोफ्लो आणि उरलेल्या लघवीची सोनोग्राफी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच आकड्याशी ताडून बघायचं. परत अरुंद व्हायचं असेल तर बरेचदा पहिल्या वर्षात होतं, म्हणून धार छान वाटत असली तरी तपासण्या टाळू नका. घरी लघवीला किती सेकंद लागतात हे अधूनमधून घड्याळावर बघा. साधारण तेवढ्याच लघवीला वेळ वाढत चालला तर तारखेची वाट न पाहता दाखवायला जा. खड्याचे तुकडे तपासणीला पाठवायला आधीच सांगून ठेवा, तो कशाचा होता ते कळलं की पुढची काळजी ठरवता येते. आणि शाळेत पाणी पिणं परत सुरू करा, एकदम नाही, दिवसभरात थोडं थोडं.

सावकाश-चालू

सायकलचं मी सांगतो. मला सर्जननी जखम पूर्ण भरेपर्यंत बंद ठेवायला लावली होती, कारण सीटचा दाब नेमका बल्बर भागावर येतो. तुमचं ऑपरेशन वेगळं आहे, तेव्हा किती दिवस ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. परत सुरू केल्यावर मी मध्ये खाच असलेली रुंद सीट बसवली आणि पुढची दांडी नसलेली सायकल घेतली. दांडीवर आपटून मूत्रमार्गाला झालेली इजा हेही स्ट्रिक्चरचं एक कारण आहे, एवढं त्या निमित्ताने कळलं.